क्रिपल क्रीकचं छोटं म्युझियम: वेळ घालवावा का?

गुजरीची_नात:
काल डेन्व्हरकरांनी लिहिलं, ‘क्रिपल क्रीकला घाट चढून जुनं लोखंड काय बघायचं? पोरांना डेन्व्हरच्या मोठ्या म्युझियमला न्या.’ वाचून राहवेना.

अहो, ते ‘जुनं लोखंड’ अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या या सोन्याच्या खाणींच्या गावात, मिडलंड टर्मिनल रेल्वेच्या १८९५ च्या स्टेशनात आहे. १९४९ ला गाडी बंद पडली, १९५३ ला गावानं तिथं म्युझियम उघडलं. माझे आजोबा कोल्हापूरच्या गुजरीत टंच काढायचे, म्हणजे सोनं किती शुद्ध ते तपासायचे. म्युझियमच्या टंच काढायच्या खोलीत हाडांच्या राखेची वाटी दिसली आणि माझा पाय हलेना. शिशाबरोबर वितळवलं की शिसं त्या वाटीत मुरतं, सोन्याचा टाचणीच्या डोक्याएवढा मणी मागं राहतो. तिथल्या खाणींतलं बरंचसं सोनं टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्यात अडकलेलं, दगडात ओळखूच येत नाही. १८९० ला बॉब वोमॅकला ते सापडलं आणि तो गरिबीतच मेला. हे पोरांना कुठं दाखवणार?

डेन्व्हरकर:
ताई, आजोबांबद्दल आदर आहे. पण प्रत्येकाचे आजोबा सराफकट्ट्यावर नव्हते.

लालबागचा:
सोन्याचं कौतुक पुरे! १८९४ च्या संपात तिथल्या खाणकामगारांनी आठ तासांना तीन डॉलर मिळवले. १९०४ ला, पुढच्या संपात, खाणकामगार संघटनेच्या माणसांना रेल्वेच्या डब्यांत कोंबून कॅन्ससच्या हद्दीवर उतरवलं. बायकापोरं मागंच. माझे वडील १९८२ च्या संपात होते. गावी परतताना आईनं एसटीत शिवणयंत्राचं डोकं मांडीवर धरलं होतं, सावंतवाडीपर्यंत.

डेन्व्हरकर:
आणि ६ जून १९०४ ला तिथल्याच इंडिपेंडन्स स्टेशनात स्फोट झाला, त्याचं काय? १३ जण गेले, संपात नसलेले. हॅरी ऑर्चर्डनं कबुली दिली, तो संघटनेचाच.

लालबागचा:
कबुली एकाची, शिक्षा सगळ्या गावाला? त्याच ऑर्चर्डच्या साक्षीवर दुसऱ्या खुनाचा खटला उभा राहिला, त्यात १९०७ ला ज्युरीनं संघटनेचा पुढारी हेवुडला निर्दोष सोडलं. तुम्ही कधी संपवाल्याच्या घरी दोन दिवस काढलेत का?

डेन्व्हरकर:
आवाज चढवू नका. माझे काका संपात कामावर गेले म्हणून चाळीत मार खाल्लेले आहेत.

लालबागचा:
...ते वाईटच झालं. ते १३ जणही कुणाचे तरी बाप होते, मान्य. हद्दपारी तरीही मान्य नाही.

गुजरीची_नात:
दोघं एवढं भांडताय ते त्याच गावावरून. मग म्युझियम बघणं वाया कसं?

डेन्व्हरकर:
बरं बाई. आईबाबा येताहेत, त्यांना नेतो. मोठं म्युझियम मात्र आधी.

गुजरीची_नात:
न्या. फक्त गाव साडेनऊ हजार फुटांवर आहे. बाबांना जिना सावकाश चढू द्या.