पॉप-टॉप छताच्या बिजागरीचे रिव्हेट सुटलेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅनचं पॉप-टॉप (वर उचलून उघडणारं) छप्पर फायबरग्लासचं आहे, दोन्ही बाजूंना कात्रीसारख्या बिजागऱ्या आणि गॅस स्ट्रट (छप्पर उचलायला जोर देणारे गॅसचे दांडे). डावीकडचे रिव्हेट सुटू लागलेत, भोकं लांबट झालीत आणि आतलं प्लायवूड पाणी मुरून भुसभुशीत झालंय. छप्पर उघडताना एका अंगाला कलतं. वरच्या बेडवर मुलं झोपतात, त्यामुळे तात्पुरती मलमपट्टी मला नको आहे.

कुजलेलं लाकूड काढून इपॉक्सीने (घट्ट चिकटणाऱ्या रेझिनने) मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) बसवायचं, रिव्हेटऐवजी स्टेनलेसचे बोल्ट आणि आतून अ‍ॅल्युमिनियमची रुंद पट्टी लावायची, असा विचार आहे. म्हणजे भार एकाच भोकावर न येता पसरेल. पण ओलाव्यात स्टेनलेसला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम लवकर गंजतं. मध्ये नायलॉनचे वॉशर पुरतील, की पट्टीही स्टेनलेसचीच घ्यावी?

शिवाय छतावर सोलर पॅनल आहे. जास्त न्यूटनचे (म्हणजे जास्त जोराचे) स्ट्रट घेतले तर उचलणं सोपं, पण छप्पर बंद असताना तोच जोर सतत बिजागरीवर येणार. तुम्ही आकडा कसा ठरवलात? बोटींचं फायबरग्लासचं काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया जरूर सांगा. फोटो जोडते आहे.