प्रभातचा उगम कोल्हापुरातच

या चर्चेत एका सदस्यांनी ‘प्रभात’ ही चित्रपटनिर्मिती करणारी कंपनी मुळात पुण्याची असल्याचे लिहिले आहे. निपाणीहून सहज कोल्हापूर गाठणाऱ्या आम्हा सीमाभागातील मराठी रसिकांना येथे दुरुस्ती नोंदवणे अगत्याचे वाटते. चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम व धायबर यांनी सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात स्थापन केली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपटही तिथलाच, आणि तो मराठीबरोबर हिंदीतही चित्रित झाला, हे दोन भाषांत वावरणाऱ्या आम्हा बेळगावकरांना विशेष भावते. पुण्याचे स्थलांतर १९३३ चे. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९४५ मध्ये दामले निवर्तले आणि भागीदारीची ती वीण पुन्हा जुळली नाही.