सबस्टेशनच्या फाउंडेशनची सळई अर्थिंगला जोडावी का?

खटावकर
नमस्कार मंडळी, खटाव तालुक्यात ३३/११ केव्हीच्या नव्या सबस्टेशनवर साइटला आहे. आमच्याकडं वर दोन फूट मुरूम आणि खाली सरळ काळा कातळ, अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) मारायला गेलं की ड्रिलच्या बिटाची धार जाते. परवा अर्थ टेस्टर लावला तर अर्थिंगचा रेझिस्टन्स ४.२ ओहम, हवा त्यापेक्षा कमी. ट्रान्सफॉर्मर प्लिंथ (खालचा ओटा) आणि गॅन्ट्री (तारा धरणारी लोखंडी चौकट) ह्यांच्या फाउंडेशनच्या सळयांच्या जाळ्या बांधून झाल्यात, सोमवारी काँक्रीट आहे. मी म्हटलं ह्या सळया अर्थमॅटला (यार्डाखाली पुरलेल्या अर्थिंगच्या जाळीला) जोडूया, तर वरचे साहेब म्हणतात काँक्रीट म्हणजे इन्सुलेटर, काय उपयोग नाही. कुणी केलंय का असं?

कराडचा टेस्टिंगवाला
जोडा, आणि सोमवारच्या आधी जोडा, नाहीतर नंतर काँक्रीट फोडत बसाल. साहेबांचं म्हणणं घरातल्या कोरड्या कॉलमला लागू आहे, जमिनीतलं काँक्रीट आजूबाजूची ओल ओढून घेतं आणि धरून ठेवतं, त्याची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण ३० ते २०० ओहम-मीटर धरतात, कोरडा कातळ त्याच्या कितीतरी पट वर. कातळ काय बदलणार नाही, पण जमिनीला टेकायला जागा मोठी मिळते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अॅरिझोनाच्या कोरड्या भागात दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग मिळेना, तेव्हा हर्बर्ट उफर यांनी फाउंडेशनमधल्या सळईचंच अर्थिंग केलं, अजून त्याला उफर ग्राउंड म्हणतात. फक्त बाइंडिंग वायरच्या भरवशावर राहू नका, अर्थिंगची पट्टी मुख्य सळईला वेल्ड करा, फाउंडेशन बोल्टसुद्धा. आणि खाली प्लास्टिकचा कागद अंथरला असेल तर काढा, ओल वर येणारच कुठून?

मिरजकर
कराडच्या काकांचं बरोबर आहे, पण एक सांगतो दादा. फॉल्टचा (बिघाड झाल्यावर जमिनीत जाणारा) सगळा करंट फाउंडेशनवर टाकायचा नाही, आतल्या ओलीची वाफ होऊन काँक्रीट तडकू शकतं, मुख्य काम मॅटनंच करायचं. दुसरं म्हणजे गंज. काँक्रीटमधली सळई आणि मातीतली जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) पट्टी एकत्र जोडली की पट्टीचं जस्त आधी खाल्लं जातं. आमच्या एका कामावर पट्टी काँक्रीटमधून बाहेर येते तिथं खणून बघितलं, बोटभर लांबीत पट्टी वर्तमानपत्राच्या कागदासारखी पातळ, हातानं वाकली. तेव्हापासून त्या जागी दोन्हीकडं वीतभर बिटुमेनची टेप गुंडाळल्याशिवाय मी पुढं जात नाही.

सांगली_प्रोटेक्शन
रीडिंग घेताना टेस्टरची करंटची सळी (जमिनीत ठोकायचा खुंटा) मॅटपासून किती लांब ठोकली होती? मॅट मोठी असली की जवळ ठोकून येणारा आकडा खोटा असतो, कमी दिसतो. आणि नुसत्या ओहमच्या मागं लागू नका, स्टेप आणि टच पोटेन्शियलचा (फॉल्टच्या वेळी दोन पायांत, किंवा लोखंडाला लावलेला हात आणि पाय यांत येणाऱ्या व्होल्टेजचा) हिशोब काढा, यार्डात खडी पूर्ण पसरा, माणूस त्यानं वाचतो.

खटावकर
सळी २५ मीटरवर होती आणि मॅटचा कर्णच ५० मीटर आहे, म्हणजे खरा आकडा ४.२ पेक्षा जास्तच असणार. उद्या शेजारच्या ज्वारीच्या रानात लांब वायर टाकून परत घेतो, वेल्डर शनिवारी सकाळी बोलावलाय, टेप कराडातनं मागवतो.