मदत हवी आहे: सरकार बदलेल म्हणून कॅनडाचा अर्ज थांबवावा का?

नमस्कार मंडळी,

इथे कॅनडा आणि ब्रिटनमधले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. आम्ही शिवडीला राहतो. बायको परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे, बी.एस्सी. नर्सिंग, आठ वर्षांचा अनुभव. मी बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. मुलगी चार वर्षांची. एक्स्प्रेस एंट्रीत (कॅनडात कायम राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, गुणांवर निवड करण्याची पद्धत) बायकोला मुख्य अर्जदार धरलं तर आमचे ४१६ गुण होतात. २०२५ मध्ये आरोग्यसेवेतल्या लोकांना बोलावणाऱ्या निवड फेऱ्या साधारण ४६० ते ५१० गुणांवर थांबल्या, म्हणजे आम्ही बरेच मागे आहोत.

आता घरात वाद असा की आत्ता धडपड करायची, की कॅनडातलं राजकारण निवळेपर्यंत थांबायचं. थांबण्याचा सल्ला आम्ही एकदा ऐकला आहे, त्याची हकीकत सांगतो.

जानेवारी २०२५ मध्ये एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. पंतप्रधान ट्रूडोंनी पद सोडणार असल्याचं नुकतंच जाहीर केलं होतं. कन्सल्टंट म्हणाला, "निवडणूक होऊ द्या, नवं सरकार आलं की बघू. तोवर मी जॉब ऑफर मिळवून देतो, त्याचे ५० गुण मिळतील." आम्ही ४० हजार आगाऊ भरले. २५ मार्चला जॉब ऑफरचे गुणच रद्द झाले. नंतर वाचलं तर ते रद्द होणार हे डिसेंबर २०२४ मध्येच जाहीर झालं होतं! म्हणजे आमच्याकडून पैसे घेतले तेव्हा त्याला ते माहीत असायलाच हवं होतं. पैसे परत मिळालेले नाहीत. त्याहून जास्त वाईट वाटतं ते गेलेल्या वर्षाचं. बायकोला येत्या ऑगस्टमध्ये ३३ पूर्ण होतील, वयाचे ८५ गुण ८० वर येतील. पुढेही दर वर्षी पाच-पाच जाणार. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचा निकालही दोनच वर्षं चालतो.

त्यानंतर मी स्वतः वाचायला लागलो, आणि सरकार बदललं की दार उघडतं किंवा बंद होतं हा हिशेब मला पटेनासा झाला. कॅनडात पीआरचा आकडा कमी केला तो ट्रूडोंच्याच सरकारने, ऑक्टोबर २०२४ मध्ये: २०२५ साठी ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजार. मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच पक्षाचे कार्नी पंतप्रधान झाले, एप्रिलमध्ये निवडणूकही जिंकले, आणि नोव्हेंबरच्या आराखड्यात २०२६ ते २०२८ साठी दर वर्षी ३ लाख ८० हजार ठेवले. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाने एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगारांच्या पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पाउंडांवर नेली. तेव्हा बायकोच्या वॉर्डातल्या मुली म्हणत होत्या, मजूर पक्ष आला की सैल होईल. मजूर पक्ष आला आणि जुलै २०२५ मध्ये अट ४१,७०० झाली, केअर वर्कर म्हणून बाहेरून नव्याने जाण्याचा रस्ताही बंद झाला. दोन्हीकडे घरांची टंचाई आणि लोकांची नाराजी होती. सत्तेवर कोणीही असो, त्याला तिकडेच वळावं लागलं असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

बाबा (बेस्टमधून निवृत्त) मात्र म्हणतात, "अर्ज केला तरी उद्या सरकार तो फाडून टाकेल." आणि ते अगदीच खोटं नाही. कॅनडात २०१२ मध्ये हार्पर सरकारने कायदा करून फेब्रुवारी २००८ पूर्वीचे रखडलेले अर्ज सरळ रद्द केले होते, सुमारे २ लाख ८० हजार लोकांचे. फी परत दिली, पण लोकांची वर्षं गेली ती गेलीच.

म्हणून विचारायचंय: नियम मध्येच बदलला तर नेमक्या कुठल्या टप्प्यापासून माणूस सुरक्षित असतो? आणि कोणतंही सरकार आलं तरी वाया जाणार नाही असं आत्ता आम्ही काय करावं?

प्रतिसाद (टोरांटोहून)

बाबांची भीती समजू शकतो, पण तो रखडलेल्या रांगांचा काळ होता. एक्स्प्रेस एंट्री २०१५ ला आली ती ती रांग मोडायलाच. मात्र एक नीट लक्षात घ्या. पूलमधलं (निवडीची वाट पाहणाऱ्यांच्या यादीतलं) प्रोफाइल म्हणजे अर्ज नव्हे, फेरीत आमंत्रण आलं की मगच अर्ज करता येतो. २५ मार्चला पूलमधल्या सगळ्यांचे जॉब ऑफरचे गुण गेले, पण ज्यांना आधीच आमंत्रण आलं होतं किंवा ज्यांचा अर्ज चालू होता त्यांना हात लागला नाही. तेव्हा आमंत्रण येईपर्यंत काहीच तुमचं नाही असं धरून चला.

तुमच्या ४१६ ला वर नेणारी एक गोष्ट आहे, फ्रेंच. वहिनींनी चारही भागांत (ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं) एनसीएलसी ७, म्हणजे फ्रेंच मोजण्याच्या कॅनडाच्या मापावरची सातवी पातळी, गाठली तर ५० अधिक १२ असे ६२ गुण वाढतात. ऑगस्ट उलटून गेला तरी ४७३. शिवाय फ्रेंचवाल्यांच्या फेऱ्या वेगळ्या होतात, मार्च २०२५ मध्ये एक ३७९ वर गेली होती. क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणारे टिकवणं हे इथल्या भाषा कायद्यातच आहे, क्वेबेकबाहेरच्या नव्या पीआरमध्ये फ्रेंच बोलणारे २०२६ साठी ९ टक्के असावेत असं लक्ष्य आहे. म्हणून बाकी कशाहीपेक्षा मी यावर भरवसा ठेवेन. पण शून्यापासून तिथवर जायला वर्ष-दीड वर्षाचा रोजचा अभ्यास लागेल, हे आधीच सांगतो.

आणि पीआर मिळालं म्हणून नर्सचं काम मिळत नाही. प्रांताची नोंदणी आणि नर्सिंगच्या परवान्याची एनक्लेक्स परीक्षा वेगळी, ती कागदपत्रं आत्तापासून सुरू करा. पुन्हा पैसे देणार असाल तर कन्सल्टंटचं नाव कॅनडाच्या इमिग्रेशन कन्सल्टंट कॉलेजच्या यादीत आहे का ते आधी बघा. यादी सगळ्यांना खुली आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. पूल आणि अर्ज यांतला फरक आम्हाला कोणीच सांगितला नव्हता. त्या कन्सल्टंटचं नाव यादीत शोधलं, नाही सापडलं.

न्यू मरीन लाइन्सच्या अलियाँस फ्रान्सेजमध्ये शनिवारी चौकशीला जातोय. अडचण हिच्या ड्युटीची आहे, महिन्यातून आठ-दहा रात्रपाळ्या असतात. रात्रपाळी सांभाळून फ्रेंच शिकलेलं इथे कोणी आहे का? सकाळी घरी आल्यावर अभ्यास केला की संध्याकाळी उठून?