मदत हवी आहे: जुन्या साहेबांना नोकरीसाठी मेसेज कसा करू?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, ९ वर्षं काढली, रोज एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र). मार्चमध्ये आमची शिफ्टच बंद केली. तेव्हापासून पोर्टलवर अर्ज टाकतेय, एकाचंही उत्तर नाही.

माझे पहिले साहेब आता कुंडईला दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. गेल्या ६ वर्षांत चतुर्थीच्या शुभेच्छा, तेवढाच काय तो संबंध. काल रात्री "सर, ओळखलंत ना?" एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. एकदम नोकरीचं बोलायचा धीरच होत नाही. वशिला नकोय मला. माझं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं त्यांनी पुढे सांगावं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोवेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की, नोकरीची खबर बऱ्याचदा जवळच्यांपेक्षा जेमतेम ओळखीच्यांकडून येते, कारण त्यांचा वावर वेगळ्या लोकांत असतो. हे पटतं. माझ्या जवळच्या मैत्रिणी तर त्याच शिफ्टमधल्या, त्याही घरीच आहेत.

तर सांगा, सीव्ही पहिल्याच मेसेजला जोडू, की आधी फोनवर १० मिनिटं मागू? लिंक्डइनवर लिहू की व्हॉट्सॲपवर? कुणी असा मेसेज केला असेल, तर पहिली ओळ काय लिहिलीत तेवढी तरी टाका.