मदत हवी आहे : शनिवारी पिच (स्टार्टअपचं सादरीकरण) आहे, वेळेत बसतच नाही

संत्रानगरीकर
शनिवारी पिच आहे. डेक, म्हणजे स्लाइडचा संच, तयार आहे. पण बोलायला लागलो की मी तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर असतो आणि घंटी वाजते. घाई केली तर श्वास पुरत नाही, आवाज चढतो. कृपया पुस्तकं सुचवू नका, वेळ नाही. काय करू तेवढं सांगा.

जाईजुई
किती मिनिटं? स्लाइड किती? समोर कोण, कोणत्या भाषेत, विकताय काय? यातलं काहीच लिहिलं नाही.

संत्रानगरीकर
५ मिनिटं, मग ३ मिनिटं प्रश्न. स्लाइड १८. मराठीत बोललं तरी चालेल म्हणाले. संत्र्याचं ग्रेडिंग करणारं मशीन आहे, कॅमेऱ्यावर चालतं. बाकी नेहमीसारखंच.

कळमना_गेट
१८ स्लाइड आणि ५ मिनिटं? एकेका स्लाइडला १७ सेकंदही येत नाहीत भाऊ. गाय कावासाकी या अमेरिकी गुंतवणूकदाराचा १०-२०-३० चा नियम प्रसिद्ध आहे : १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटचा फाँट. तो २० मिनिटांसाठी आहे. तुम्हाला ६-७ पुरे. उरलेल्या फेकू नका, शेवटच्या स्लाइडच्या मागं ठेवा, प्रश्नोत्तरांत कामी येतात.

जाईजुई
आधी शब्द मोजा. समजेल अशा बेतानं मराठी बोललं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे अख्खं पिच ५०० शब्दांच्या आत हवं. मी वेळ अशी वाटेन : अडचण ४० सेकंद, मशीन ६०, गिऱ्हाईक आणि किंमत ५०, बाजार ३०, स्पर्धा २०, टीम २०, मागणी (तुम्हाला समोरच्यांकडून काय हवं ते) ३०. झाली ४ मिनिटं १० सेकंद. उरलेले ५० सेकंद स्लाइड बदलणं, थांबणं आणि क्लिकर न चालणं यांत जातात. जातातच.

स्पर्धेच्या स्लाइडवर परदेशी मशीनांचे लोगो लावले असतील तर काढा. तुमचा खरा स्पर्धक रोजंदारीवर फळं निवडणारा मजूर आहे. त्याचा क्विंटलमागचा खर्च आणि तुमचा खर्च शेजारी-शेजारी दाखवा, बस.

शब्दशः
सगळं पाठ करा. पाचशे शब्द पाठ होतात. दुसरा उपाय नाही.

कळमना_गेट
असं काही करू नका. पाठ केलेलं मध्येच तुटलं की माणूस पहिल्यापासून सुरू करतो. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ, मधल्या प्रत्येक स्लाइडसाठी एक आकडा आणि एक मुद्दा लक्षात.

शब्दशः
मग लोक मधे पाल्हाळ लावतात, म्हणूनच वेळ संपते. पाठ असलेला माणूसच वेळेत थांबतो.

माईकवाला
दोघंही श्वासाबद्दल बोलून नाही राहिले, त्यानं तेच विचारलं होतं ना बाप्पा. श्वास कमी पडतो कारण वाक्यं लांब आहेत, आणि छाती भरलेली असतानाच माणूस वरून आणखी हवा घेतो. वाक्य १०-१२ शब्दांचं करा. कागदावर जिथं थांबायचं तिथं तिरपी रेघ मारा. सुरू करण्याआधी हवा पूर्ण सोडा, आत आपोआप येते. आकडा सांगितला की दोन सेकंद गप्प. सराव उभ्यानं करा आणि मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करून ऐका.

हातातला माईक ओठांपासून तीन-चार बोटांवर, हनुवटीच्या किंचित खाली. जाळीभोवती मूठ आवळली की तो शिटी मारतो. स्पीकरच्या पुढं जाऊन उभं राहिलं तरी तेच. कॉलर माईक असेल तर हनुवटीखाली एक वीत, ओळखपत्राची दोरी काढून, नाहीतर ती घासत राहते. पडद्याकडं वळून वाचलं की हातातला माईक तोंडापासून दूर जातो आणि मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही.

तर्रीबाज
सकाळी तर्री पोहे खाऊन जा, आवाज खणखणीत निघतो.

माईकवाला
उलट. तिखट-तेलकट पोटात असेल तर घशाशी येतं. साधं कोमट पाणी.

तर्रीबाज
नागपुरात राहून तर्रीला नावं ठेवून राहिले. कठीण आहे.

वक्ता_मंडळ
टोस्टमास्टर्सला (भाषणाचा सराव करायचा क्लब) जा. तिथं एकजण फक्त 'अं', 'म्हणजे' मोजायला बसतो. आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचा सरावही होतो.

जाईजुई
शनिवारपर्यंत? घरातल्या कुणालाही 'अं' मोजायला बसवा, तेवढंच काम होईल.

फॉर्म_अठ्ठावीस
पेटंटचा अर्ज केला का? स्टार्टअपला शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यासाठी फॉर्म २८ जोडावा लागतो. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकला तर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

कळमना_गेट
धागा भलतीकडंच जाऊन राहिला. त्यानं बोलायचं कसं ते विचारलं.

फॉर्म_अठ्ठावीस
संबंध आहे. अर्जाआधी खुल्या कार्यक्रमात कॅमेरा आणि छाननीची पद्धत उलगडून सांगितली, तर नावीन्य गेलं असा आक्षेप येऊ शकतो. अर्ज नसेल तर मशीन काय करतं ते सांगा, आत कसं करतं ते नको.

जाईजुई
हे मात्र पटलं. संत्रानगरीकर, परीक्षक कोण ते अजून सांगितलं नाही. अनुदान देणारे की गुंतवणूकदार?

संत्रानगरीकर
एका इन्क्युबेटरची (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) निवड समिती. सीड फंडासाठी, म्हणजे सुरुवातीच्या पैशासाठी.

जाईजुई
अहो, हे आधी सांगायचं! मग मागणीची स्लाइडच बदलते. स्टार्टअप इंडिया सीड फंडात प्रोटोटाइप, चाचणी वगैरेंसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, तेही टप्प्याटप्प्यानं. कंपनीतला हिस्सा आणि कंपनीचं मूल्यांकन यांवर सेकंद घालवू नका. कोणत्या महिन्यात काय पूर्ण होणार, आणि ते झालं हे कशावरून कळणार, ते दाखवा. डीपीआयआयटीची (केंद्र सरकारचा उद्योग विभाग) मान्यता असल्याचं एका ओळीत येऊ द्या. बाजाराला 'एवढ्या हजार कोटींतला १ टक्का मिळाला तरी' हे वाक्य नको. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यात फळं निवडून पॅक करणारे किती, त्यातल्या कितींशी बोलणं झालं, एक मशीन केवढ्याला. गुणाकार समिती स्वतः करेल.

आणि हा प्रश्न येणारच : आंबिया आणि मृग, संत्र्याचे दोन्ही बहर उरकले की मशीन काय करतं? मोसंबी, लिंबू चालत असेल तर त्याची एक स्लाइड मागं तयार ठेवा. उत्तर २०-३० सेकंदांत. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर तो आपल्या शब्दांत परत म्हणा.

संत्रानगरीकर
लिंबू चालतं, मोसंबीचा ट्रे बदलावा लागतो. सुरुवात नवी केली, बघा :
"नमस्कार. एआयवर आधारित आमचं क्रांतिकारी सोल्यूशन सादर करताना आनंद होतोय. आज संत्री हातानं निवडतात. एका पेटीत लहान-मोठी फळं जातात आणि अख्ख्या पेटीला लहान फळाचा भाव लागतो. आमचं मशीन आकार आणि डाग दोन्ही बघून फळ वेगळं करतं."

कळमना_गेट
दुसरं वाक्य उडवा. "आज संत्री हातानं निवडतात" इथून सुरू करा.

शब्दशः
आणि ते पाठ करा.

माईकवाला
तासाला किती किलो निवडतं?

संत्रानगरीकर
८०० किलो. ते नवव्या स्लाइडवर आहे.

माईकवाला
नवव्या स्लाइडवर काहून? "फळ वेगळं करतं"च्या लगेच पुढं घ्या, आणि मग दोन सेकंद गप्प. डेक पीडीएफ करून न्या, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फाँट तुटतो, जोडाक्षरं सुटी पडतात. मशीनचा व्हिडिओ वेगळा पेनड्राइव्हवर. तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे ना?

संत्रानगरीकर
टाइप-सी आहे फक्त.

माईकवाला
मग अडॅप्टर उद्याच घ्या, आणि घरच्या टीव्हीला लावून बघा. काही टाइप-सी पोर्ट नुसते चार्जिंगचे निघतात, त्यातून चित्र जात नाही.