मदत हवी आहे: युद्धात अत्याचार सोसलेल्या महिलांच्या गटासोबत काम कसं करावं?

नमस्कार. युद्धामुळे घर सोडावं लागलेल्या महिलांच्या एका गटासोबत मी स्वयंसेवक म्हणून काम करते. त्यातल्या काहींवर लैंगिक अत्याचार झालेत. मी समुपदेशक नाही, शिवणवर्ग घेते. एक ताई कायम दाराकडे तोंड करून बसतात. दार आपटलं की हातातलं काम थांबतं आणि पुढचा अर्धा तास त्या कुणाशी बोलत नाहीत. अशा वेळी जवळ जावं की त्यांना एकटं सोडावं, मला खरंच कळत नाही.

काँगोतल्या बुकावूमध्ये डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या पांझी रुग्णालयाबद्दल वाचलंय. तिथे लैंगिक अत्याचार झालेल्या महिलांना शस्त्रक्रिया आणि औषधोपचारांसोबत मानसिक आधार, कायदेशीर मदत आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्यासाठीचं प्रशिक्षण हे सगळं एकत्र मिळतं. मला ते फार पटतं. नुसती जखम भरून बाई सावरत नाही, हातात चार पैसे आणि पाठीशी माणसंही लागतात. आमच्याकडे मात्र डॉक्टर एका टोकाला, वकील दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येक ठिकाणी तीच हकीकत पुन्हा सांगायची! हे थांबवायचं कसं?

कुणी असं काम केलं असेल तर सांगा: गटात कुणी अचानक आपबीती सांगू लागली, तर तिला न तोडता आणि बाकीच्यांना त्रास न होऊ देता कसं सांभाळायचं? आणि बलात्कारातून जन्मलेलं मूल कडेवर असलेल्या आईशी काय बोलायचं? मराठीत प्रशिक्षण साहित्य असेल तर तेही हवंय.